जुन्या मोटारीची खरेदी आणि निगा : कोल्हापूरच्या संदर्भात एक आढावा

मोटार ही वस्तू कोल्हापुरात एके काळी दरबाराची होती, मग ती वकील-डॉक्टरांची आणि साखर कारखान्यांच्या चेअरमनांची झाली, आणि आज ती माध्यमिक शिक्षकाची, दूध संस्थेच्या सचिवाची, महाद्वार रोडवरच्या कापड दुकानदाराची आणि कागल-करवीरकडच्या दोन एकर ऊसवाल्या शेतकऱ्याचीही झालेली आहे. मात्र या नव्या मोटारमालकांपैकी पुष्कळांच्या दारात आलेली पहिली गाडी ही दुसऱ्या कुणीतरी वापरून सोडलेली असते. लाख-दीड लाखापासून तीन-साडेतीन लाखांपर्यंतच्या रकमेत पाच-सात वर्षे विनातक्रार चालेल अशी गाडी मिळणे शक्य आहे काय, आणि मिळालीच तर ती तशी टिकवावी कशी, हा प्रश्न जिल्ह्यातल्या हजारो कुटुंबांच्या शिलकीशी निगडित असूनही त्याचा साकल्याने विचार क्वचितच होतो. चर्चा होते ती ॲव्हरेजची, रंगाची आणि ‘कितीला बसली’ याची. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, कोल्हापुरात जुनी गाडी चांगली मिळते ती ओळखीमुळे, आणि जुन्या गाडीचा व्यवहार बिघडतो तोही बहुधा ओळखीमुळेच. यंत्राच्या बाबतीत जी ओळख गिऱ्हाइकाला तारते, तीच कागदाच्या बाबतीत त्याला गाफील ठेवते.

जुने वाहन म्हणजे कमी प्रतीचे वाहन, ही समजूत तशी अलीकडची आहे. विजयादशमीला दसरा चौकात सीमोल्लंघनाच्या सोहळ्यासाठी छत्रपती घराण्याची जी मेबॅक मोटार येते, ती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतील, १९३० च्या दशकातील जर्मन बनावटीची. तिच्या वयाचा हिशेब न करता सारे शहर तिच्याकडे आदराने पाहते. अर्थात दरबारी पागेतील वाहनाचा न्याय सामान्याच्या गाडीला लावता येत नाही. परंतु सामान्यांच्या बाजारातही जुन्या गाडीला एके काळी विलक्षण प्रतिष्ठा होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडत असे, कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याहून ॲम्बॅसेडर येत असे, आणि परवाना पद्धतीच्या त्या काळात नव्या गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे क्रमांकाची वाट पाहावी लागे. परिणामी, ताबडतोब हाती येणारी वापरलेली फियाट नव्या गाडीच्या नियंत्रित किमतीहून अधिक दराने विकली जाई, आणि घेणारा आपले नशीब थोर समजे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती पडली आणि ही स्थिती हळूहळू पालटली. नवी गाडी सुलभ झाली तशी जुनी गाडी स्वस्त झाली. आणि जुनी स्वस्त झाली तशी ती संशयास्पदही झाली, कारण नवी घेणे शक्य असताना हा गृहस्थ आपली गाडी का विकतो आहे, असा प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनात उभा राहू लागला.

या संशयाचे शास्त्रीय विवेचन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एका छोट्या निबंधात केले, आणि त्याच विचारधारेबद्दल २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटाही मिळाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जुन्या मोटारीचे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात, सबब घेणारा प्रत्येक गाडीला मध्यम प्रतीचीच किंमत देऊ करतो, त्या किमतीत आपली उत्तम गाडी देणे चांगल्या मालकाला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो, आणि मागे उरतात त्या प्रामुख्याने वाईट गाड्या. हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण तो अनोळखी माणसांच्या बाजाराला लागू पडतो. कोल्हापुरातला चांगला मालक बाजारातून निघून जात नाही, तो मुळात बाजारात येतच नाही. त्याची गाडी त्याच्या मेव्हण्याच्या मित्राला, बँकेतल्या सहकाऱ्याला, तालमीतल्या ओळखीच्या पोराला किंवा ज्या मेस्त्रीकडे ती दहा वर्षे दुरुस्तीला जात होती त्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाते, आणि व्यापाऱ्याच्या आवारात तिची पाटी कधी लागतच नाही. म्हणून शिवाजी उद्यमनगरातला अनुभवी मेस्त्री गाडी शोधणाऱ्याला पहिला सल्ला देतो तो असा : “आधी मालक बघा, मग गाडी बघू.” या सहा शब्दांत जे शहाणपण आहे ते कोणत्याही तपासणी-यादीत नाही, कारण जुन्या मोटारीत आपण पत्रा आणि इंजिन जितके विकत घेतो, त्याहून अधिक आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेतो. ऑईल वेळेवर बदलणारा, पावसाळ्याच्या आधी ब्रेक उघडून पाहणारा, सर्व्हिसच्या पावत्या एका फाईलीत लावणारा मालक ही गाडीची खरी हमी होय.

तथापि मालक कितीही सज्जन असला तरी गाडीची निवड ही स्वतंत्र बाब राहतेच. विमा व्यवसायात वाहनाची घोषित किंमत ठरवण्याची जी सर्वमान्य सारणी आहे, तिच्यानुसार सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५ टक्के, आणि पुढे क्रमाने २०, ३०, ४० असे होत चौथे वर्ष उलटून पाचवे पुरे होईपर्यंत घट ५० टक्क्यांवर पोहोचते. बाजारभाव या सारणीला तंतोतंत मानत नाही, पण दिशा तीच असते; निम्मी किंमत पहिल्या मालकाच्या खिशातून गेलेली असते. दुसऱ्या बाजूला, खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. या दोन मर्यादांच्या मधली, म्हणजे पाच ते नऊ वर्षे वयाची, पेट्रोलवर चालणारी, साध्या गिअरची छोटी गाडी ही काटकसरी कुटुंबाला सर्वात हितकर, असे म्हणावयास हरकत नाही. डिझेलचा मोह ज्यांना रोज गडहिंग्लज किंवा सांगली गाठायची आहे त्यांनी करावा. आठवड्यातून एकदा ज्योतिबाला आणि महिन्यातून एकदा सासुरवाडीला जाणाऱ्याने करू नये, कारण डिझेलचे इंजेक्टर आणि टर्बो बिघडले की इंधनावर वाचवलेले पैसे एका बिलात परत जातात.

कंपनीच्या नावापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की, तिचे सुटे भाग उद्या मिळणार आहेत काय. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले, तरी तिचे भाग अजून मिळतात, कारण त्या गाड्या गावोगाव आहेत आणि तिच्या पाठच्या अल्टोने तिचा पुष्कळसा वारसा चालवला. उलट जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री बंद केली, आणि पुण्याजवळ तळेगावात कारखाना असूनही शेव्हरोलेच्या गाड्या निराधार झाल्या. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. या गाड्या बांध्याने भक्कम आणि भावाने आश्चर्यकारक स्वस्त मिळतात, आणि जाणत्या माणसाला त्या लाभतातही. परंतु समोरचा दिवा फुटला तर तो मुंबई-पुण्याच्या जुन्या मालाच्या दुकानांतून शोधत बसण्याची चिकाटी अंगी असावी लागते. फियाटची कथा आणखी चमत्कारिक. तिच्या गाड्या गेल्या, पण तिचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये आणि टाटांच्या व्हिस्टामध्ये राहिले. त्यामुळे जुन्या पुंटोचे इंजिन कुणीही मेस्त्री डोळे मिटून उघडतो, आणि तिचा दरवाजा मात्र कुठे मिळत नाही.

येथे कोल्हापूरचा एक विशेष लाभ नमूद केला पाहिजे. ऑईल इंजिने आणि ओतकाम यांवर वाढलेल्या या शहरात, शिवाजी उद्यमनगर आणि पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथल्या औद्योगिक वसाहतींमुळे, धातूला हात लावणाऱ्या कारागिरांची एक परंपरा तयार झालेली आहे. सिलिंडर बोअर करणे, क्रँक ग्राईंड करणे, हेड सपाट करून घेणे, मोडलेला ब्रॅकेट नवा घडवणे, ही कामे इतर शहरांत ‘भाग बदला’ या एका वाक्याने निकालात निघतात. येथे ती अजून कामे म्हणून केली जातात, आणि इंजिन बांधणारा मेस्त्री आपल्या कामाबद्दल एखाद्या गवयाइतका मानी असतो. मात्र या लाभाला कालमर्यादा आहे. २०२० च्या एप्रिलपासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ नंतरच्या गाड्यांत सेन्सर आणि संगणकीय नियंत्रणाचे जाळे इतके दाट आहे की, हातोडी-पान्याची विद्या तेथे अर्ध्यावर थांबते. स्वस्त आणि टिकाऊ या दोन्ही अटी ज्याला एकदम पाळायच्या आहेत, त्याने उद्यमनगराला कळणारी गाडी घ्यावी.

आता पुराचा विचार. कोल्हापुरात जुनी गाडी घेणाऱ्याने हे प्रकरण सर्वात काळजीपूर्वक वाचले पाहिजे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे; ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या पलीकडे गेले, शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग दिवसचे दिवस बंद राहिला, आणि शहराच्या सखल भागात व शिरोळ तालुक्यात असंख्य वाहने पाण्याखाली उभी राहिली. २०२१ च्या त्याच जुलैत घाटाखाली चिपळूणही बुडाले. दुरुस्तीचा खर्च घोषित किमतीच्या पाऊण पटीहून अधिक झाला की विमा कंपनी वाहन संपूर्ण नुकसानीत काढते. मग ते भंगाराच्या लिलावात जाते, धुऊन-पुसून, सीटची कव्हरे बदलून, सुगंधी फवारा मारून पुन्हा उभे राहते आणि जेथे पूर आला नव्हता अशा गावी विकले जाते. कोल्हापूरची बुडालेली गाडी सोलापूरला आणि चिपळूणची बुडालेली कोल्हापूरला, असा हा उफराटा प्रवास असू शकतो, म्हणून केवळ नोंदणी क्रमांकावरून निर्धास्त होऊ नये.

पाण्याची खूण लपवणे मात्र वाटते तितके सोपे नसते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. गुंडाळीत आत दडलेल्या पट्ट्यावर गाळाची फिकट रेघ राहिलेली असते. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खोबणीत हात फिरवावा, सीटच्या खालच्या रुळांवर आणि नटबोल्टांवर तांबेरा आहे काय ते पाहावे, गालिचा एका कोपऱ्यातून वर करून वास घ्यावा, आणि दिव्यांच्या काचेच्या आत ओलाव्याची जाळी आहे काय तेही पाहून घ्यावे. पुरात गेलेल्या गाडीचे इंजिन धुऊन बांधता येते आणि ते चालतेही. पण वायरिंगच्या जोडांत शिरलेले गढूळ पाणी महिनोनमहिने तांबे खात राहते, आणि मग एखाद्या रात्री गगनबावड्याच्या अलीकडे दिवे, वायपर आणि काचा एकाच वेळी संपावर जातात. अशी गाडी कितीही कमी किमतीत मिळाली तरी घेऊ नये, असे स्पष्ट मत येथे नोंदवतो. आणि गाडीचा मालक सरळपणे सांगत असेल की गाडी चाकांपर्यंतच पाण्यात होती, तर त्याच्या प्रामाणिकपणाचा आदर करून तपासणी दुप्पट करावी.

उरलेल्या तपासणीचा विस्तार करण्याचे कारण नाही. ती बहुतेक मेस्त्रींना मुखोद्गत असते. जनावरांच्या बाजारात जाणता शेतकरी दात पाहिल्याशिवाय बैलाच्या पाठीवर हात ठेवत नाही; मोटारीचे दात म्हणजे तिच्या काचा, टायर आणि बोल्ट. प्रत्येक काचेवर उत्पादनाचे वर्ष सूचित केलेले असते, आणि सगळ्या काचा एका सालच्या असून एकच वेगळी असेल तर तिच्या बाजूने गाडी ठोकली होती काय, असे विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला येतो. टायरच्या कडेवर चार अंक असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चाळीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीची पेडल-रबरे गुळगुळीत आणि स्टिअरिंग चकचकीत झाले असेल, तर मीटर मागे फिरवला आहे हे उघड होय. बॉनेट आणि मडगार्डच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर ते पत्रे कधीतरी उतरवले गेले आहेत. गाडी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना स्वतः चालू करावी; विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. निळसर धूर ऑईल जळत असल्याचे सांगतो. इंजिन तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर हेडगॅसकेटबद्दल शंका उत्पन्न करतो, आणि ऑईलच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरा थर आढळला तर ती शंका बळावते.

चालवून पाहण्यासाठी बावड्याचा किंवा विद्यापीठाचा सपाट रस्ता निरुपयोगी आहे. कोल्हापुराला निसर्गाने पन्हाळा आणि ज्योतिबा हे दोन चढ याच कामासाठी दिले आहेत, असे मानून मेस्त्रीला शेजारी बसवून पन्हाळ्याला जावे. जाताना क्लच घसरतो काय, तापमानाचा काटा चढतो काय, आणि उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये गिअर सुटतो काय, ब्रेकला जळका वास येतो काय, हे वीसेक किलोमीटरच्या त्या वाटेवर जितके कळते तितके शहरात महिनाभर फिरूनही कळत नाही. वर गेल्यावर झुणका-भाकर खाण्यात वेळ दवडण्याऐवजी इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करून पाहावे. झुणका नंतर खावा.

यंत्र पसंत पडले, भाव ठरला, विसार दिला. येथपर्यंत कोल्हापूरकर दक्ष असतो. यापुढे तो एकाएकी उदार होतो. गाडी ओळखीच्या माणसाची असल्यामुळे ‘नावावर करून घेऊ सावकाश’ असे दोन्ही पक्ष म्हणतात, हस्तांतराच्या कोऱ्या टी.टी.ओ. फॉर्मवर सह्या होतात, ते फॉर्म कपाटात पडून राहतात, आणि गाडी तीन वर्षे एकाच्या दारात व दुसऱ्याच्या नावावर फिरत राहते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावयाचे असते, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत हस्तांतरासाठी अर्ज करावयाचा असतो. नमुना २९ आणि नमुना ३० हे त्याचे कागद. या मुदतींकडे लोक केवळ सरकारी उपचार म्हणून पाहतात, ही मोठी चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेल्या एका निवाड्यात असे स्पष्ट केले की, गाडी प्रत्यक्षात एकामागून एक कितीही हातांत गेली असली, तरी अपघाताच्या नुकसानभरपाईच्या प्रयोजनार्थ, नोंदणी दप्तरात ज्याचे नाव आहे तोच मालक समजावा. म्हणजे शाहूपुरीतल्या निवृत्त कारकुनाने विकलेल्या गाडीने दोन वर्षांनी हुपरीच्या रस्त्यावर कुणाला धडक दिली आणि गाडीचा विमा संपलेला असला, तर दावा त्या कारकुनाच्या पेन्शनीच्या दारात येऊन उभा राहतो. ओळखीच्या व्यवहारात विकणाराच अधिक धोक्यात असतो, हे विकणाऱ्याला सांगितले तर पुष्कळदा तो हसण्यावारी नेतो.

घेणाऱ्याची अडचण निराळ्या जातीची. विम्याचे प्रमाणपत्र त्रयस्थ व्यक्तीच्या दाव्यापुरते गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते, परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी अर्ज केला पाहिजे. शिवाय आधीच्या मालकाने दावा न केल्याबद्दल मिळवलेली सवलत त्याची स्वतःची असते, ती गाडीबरोबर येत नाही. नोंदणी पुस्तकावर बँकेचा वा पतसंस्थेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचे तोंडी आश्वासन ग्राह्य धरू नये. नमुना ३५ आणि धनकोचे ना-हरकत पत्र हाती आल्यावरच उरलेली रक्कम द्यावी. सहकारी पतसंस्थांच्या या जिल्ह्यात कर्ज फिटून वर्षे झाली तरी बोजा उतरवण्याचे राहून गेले, असे प्रकार आढळतात. त्यात लबाडी नसते, आळस असतो, पण हस्तांतर अडायचे ते अडतेच. चॅसीवरचा सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावा, आणि केंद्राच्या वाहन प्रणालीतून मालकाचा अनुक्रम, विम्याची मुदत व न भरलेली ई-चलने यांची रुजुवात घ्यावी. गाडी पूर्वी टुरिस्ट परमिटवर होती काय, हेही तेथे कळण्याजोगे असते.

सीमाभागाचा म्हणून एक स्वतंत्र पेच आहे. निपाणी येथून हाकेच्या अंतरावर, नातीगोती, ऊस, तंबाखू आणि बाजारहाट सीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेला, तेव्हा के.ए. २२ किंवा के.ए. २३ क्रमांकाची गाडी कागलच्या माणसाने घ्यावी, यात अस्वाभाविक काही नाही. परंतु कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला त्या राज्याचा नवा क्रमांक घ्यावा लागतो, त्यासाठी नमुना २८ वरील ना-हरकत दाखला आणावा लागतो, महाराष्ट्राचा एकरकमी कर घसाऱ्याने कमी झालेल्या किमतीवर पुन्हा भरावा लागतो, आणि मूळ राज्यातून कराचा परतावा मागण्याचा खटाटोप ज्याचा त्याने करावयाचा असतो. गोव्याच्या गाड्यांनाही हाच न्याय. दिल्लीच्या गाड्यांचा मोह तर वेगळाच : राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४-१५ मधील आदेशांमुळे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरल्यामुळे तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर गंडांतर आले, आणि चांगल्या स्थितीतल्या मोठ्या गाड्या दक्षिणेकडे स्वस्तात येऊ लागल्या. त्यांच्या किमतीत कर, वाहतूक, दाखले आणि एजंटाची दलाली मिळवली की स्वस्ताई बरीचशी विरघळते. आणि ज्याची ओळख काढता येत नाही असा मालक, हा मूळचा दोष शिल्लक राहतोच.

व्यापाऱ्याकडून घेणाऱ्यांनी निराश व्हावे असे मात्र नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र घेणे आवश्यक केले आहे, आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचना दिल्यावर तोच तिचा मालक समजला जातो; नावाचा गोंधळ त्यामुळे पुष्कळ अंशी टळू शकतो, फक्त प्राधिकारपत्र दाखवा, असे म्हणण्याचे धैर्य गिऱ्हाइकाला हवे. व्यापाऱ्याच्या नफ्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो, तो अखेर गिऱ्हाइकाच्याच माथी बसतो, आणि त्याबदल्यात काही महिन्यांची हमी मिळाली तर हा सौदा तोट्याचा म्हणता येत नाही. वेळही पाहावी. साखर कारखान्यांची उसाची बिले खात्यावर जमा होऊ लागली की ग्रामीण गिऱ्हाईक बाजारात उतरते आणि भाव ताठरतात. पितृपंधरवड्यात वाहन घेणे अशुभ मानणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने त्या दिवसांत व्यापारी मऊ असतो. पितरांचा रोष पत्करण्याची ज्याची तयारी आहे त्याने त्या पंधरवड्यात घासाघीस करावी. पितरांनाही काटकसर अमान्य नसावी. दसऱ्याला नवी गाडी घेणारे आपली जुनी बदल्यात देतात, त्यामुळे दिवाळीनंतर निवडीला वाव अधिक मिळतो.

गाडी दारात आल्यावरचा पहिला खर्च कोणता, तर इंजिन ऑईल, त्याचा फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑईल, ही चारही आधीचा मालक काहीही म्हणाला तरी बदलून घेण्याचा. म्हणून जवळ दोन लाख असतील तर एक लाख पंचाहत्तर हजारांची गाडी शोधावी आणि उरलेले गाडीसाठीच राखून ठेवावेत. टायमिंगची व्यवस्था पट्ट्याची आहे की साखळीची, हे विचारून घ्यावे : जुन्या अल्टोच्या ८०० सी.सी. इंजिनात पट्टा असतो आणि तो ठरावीक अंतराने बदलावा लागतो, के-१० च्या इंजिनात साखळी असते. पट्टा कधी बदलला याचा पुरावा नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि आंबा घाट किंवा करूळ घाट उतरताना त्याचे परिणाम कळणे इष्ट नव्हे. दोन वर्षांनी ते बदलावे. मृगाच्या आधी वायपरची पाती, दरवाज्यांची रबरे, दिवे आणि चाकांच्या कमानीखालचा पत्रा पाहावा. राधानगरी-गगनबावड्याकडे राहणाऱ्यांनी तर बुडाला गंजरोधक लेप लावून घेणे हा खर्च नसून बचत होय. सी.एन.जी. बसवलेली असेल तर सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी चुकवू नये.

पेट्रोलच्या बाबतीत या जिल्ह्याची अवस्था मौजेची आहे. आपल्याच उसाच्या रसापासून आणि मळीपासून कारखाने इथेनॉल काढतात, त्याच्या पैशावर आपण गाडी घेतो, आणि तेच इथेनॉल पेट्रोलमधून परत येऊन आपल्या जुन्या गाडीची रबरे तपासते. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे आणले गेले आणि २०२५ मध्ये ते देशभर पोहोचले. परंतु त्या मिश्रणाला योग्य अशा साहित्याच्या गाड्या २०२३ च्या एप्रिलपासूनच्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींची इंधन-कार्यक्षमता सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिलेला आहे. जुन्या गाडीच्या मालकाने यावर रागावून उपयोग नाही. इंधनाची रबरी नळी आणि जोड वर्षातून एकदा पाहावेत, फिल्टर वेळेआधी बदलावा, आणि इथेनॉल पाणी ओढून घेत असल्यामुळे गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर दारात उभी करून ठेवू नये. आठवड्यातून एकदा ती रंकाळ्याला नव्हे, निदान कागलपर्यंत तरी न्यावी. छोट्या-छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही आणि बॅटरीही भरत नाही.

या सगळ्याची नोंद एका साध्या वहीत ठेवावी : तारीख, मीटरचा आकडा, काय बदलले, किती दिले. वहीचा उपयोग दुहेरी आहे, कारण पंधरा वर्षे पुरी होताच हिशेब नव्याने मांडावा लागतो. एप्रिल २०२२ पासून हलक्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे, त्यासाठी योग्यता तपासणी होते, महाराष्ट्राचा हरित कर निराळा, आणि नूतनीकरण मिळते ते पाच वर्षांचे. वीस वर्षांपलीकडच्या गाडीसाठी २०२५ मध्ये हेच शुल्क १०,००० रुपये करण्यात आले. वहीतला वार्षिक खर्च गाडीच्या बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शाच्या पुढे जाऊ लागला, तर नूतनीकरणाच्या आधीच ती काढलेली बरी; खर्च त्याच्या आत असेल तर पाच वर्षे आणखी चालवावी, मग शेजारी काहीही म्हणोत. काढायची ठरली तर वही गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी, नमुना २९ वर तारखेसह सही करावी, गिऱ्हाईक सख्खा साडू असला तरी चौदा दिवसांच्या आत तो कार्यालयात दाखल करावा, आणि त्याची पोच आपल्या दप्तरी ठेवावी.